अनसाक्काचं एकास दहा

गुलबर्ग्याच्या शहाबाजारात माझं वेल्डिंगचं दुकान आहे. दुकानांच्या बोर्डांना लागणाऱ्या लोखंडी फ्रेम मी बनवतो. माझं नाव हरिओम, गाव जनवाडा, बिदर तालुक्यातलं. बारावीत नापास झालो, शेतात मन रमेना, म्हणून १९९६ साली इकडं आलो. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि दुकानात दखनी उर्दू, असं तिन्ही भाषांत माझं चालतं. माझ्या शेजारच्या बोर्डाच्या दुकानात अनसाबाई नावाच्या एक बाई कामाला आहेत. त्यांना आम्ही सगळे अनसाक्का म्हणतो. माझ्या हातून झालेली एक चूक त्यांनी एकदा स्वतःच्या अंगावर घेतली होती. ती गोष्ट मी पुष्कळ जणांना सांगितली आहे, पण तेवढी सांगून अनसाक्का कळत नाहीत. म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

अनसाक्का कमलनगरजवळच्या एका वस्तीवरच्या. वडिलांची मेंढरं होती. चराईची रानं नांगराखाली गेली तशी मेंढरं विकली आणि घरचे सगळे मजुरीला लागले. मुलगी शाळेत हुशार म्हणून तिला सातवीपर्यंत शिकू दिलं. सतराव्या वर्षी तिचं लग्न कमलनगरच्या लिंगाप्पाशी झालं. लिंगाप्पा पेंटर होता. खताची दुकानं, शाळांच्या भिंती, सोसायटीचे बोर्ड, जे मिळेल ते तो रंगवायचा. मराठी आणि कन्नड त्याच्या हाताला सारखंच यायचं. उर्दू त्याला वाचता येत नव्हतं, पण कुणी कागदावर लिहून दिलं की तसंच्या तसं तो भिंतीवर मोठं करायचा. वाचणाऱ्याला कधी शंका आली नाही.

लग्नानंतर वर्षभरातच अनसाक्का त्याच्याबरोबर कामाला जायला लागल्या. तो अक्षराची कड काढायचा, त्या आत रंग भरायच्या. दोरीला निळीची पूड लावून ती भिंतीवर ताणून सोडली की सरळ रेघ उमटते. त्या दोरीचं दुसरं टोक नेहमी त्यांच्या हातात. प्रतीक्षा झाली तेव्हा तिला झाडाखाली झोळीत टाकून दोघांनी एका गिरणीची अख्खी भिंत रंगवली होती.

२००० साली भालकीला एका डाळमिलवर काम करताना बांबूच्या पायाडाची दोरी सुटली. लिंगाप्पा उजव्या मनगटावर पडला. हाड जुळलं, पण बोटांतली ताकद काही परत आली नाही. ब्रश धरला की हात थरथरायचा. पाच-सहा महिने तो घराबाहेर पडला नाही. कुणी बोर्डाचं काम घेऊन आलं तर आतूनच सांगायचा, "पेंटर गावाला गेलाय."

आमच्या शेजारच्या दुकानाचे मालक गुरुशांतप्पा. त्यांचं आधी रंगाचं दुकान होतं, लिंगाप्पा त्यांच्याकडून डबे न्यायचा. नंतर त्यांनी संगणक घेतला आणि व्हिनाईल कापायचं यंत्र घेतलं. व्हिनाईल म्हणजे चिकट पाठीचा रंगीत प्लास्टिकचा पत्रा. यंत्र त्यावर अक्षरं कापतं. मग अक्षरांच्या आजूबाजूचं जादा व्हिनाईल हातानं सोलून काढावं लागतं. काम किचकट. घाई केली की अक्षराचा काना तुटतो.

लिंगाप्पाचं कळल्यावर गुरुशांतप्पा स्वतः कमलनगरला गेले. म्हणाले, "लिंगाप्पा, चल गुलबर्ग्याला. काहीतरी काम देतो."

लिंगाप्पा म्हणाला, "अप्पा, हातच न्हाई ऱ्हायला. यिऊन काय करू?"

अनसाक्का दाराआडून बोलल्या, "माझे हात हायत की."

अशी ही माणसं २००१ च्या उन्हाळ्यात इथं आली. एक खोली घेतली. प्रतीक्षाला कन्नड शाळेत घातलं. अनसाक्का सोलायच्या कामाला बसल्या आणि आठवडाभरात सगळ्यांना कळलं की या बाईच्या हातून काना तुटत नाही.

दुकानात संगणकावर श्रीदेवी बसायची. बावीस-तेवीस वर्षांची मुलगी, डिप्लोमा झालेली. कोरल नावाच्या सॉफ्टवेअरवर ती बोर्डाची ड्रॉइंग करायची. एक दिवस अनसाक्कांनी तिला हाक मारली. कापून आलेल्या कन्नड बोर्डातलं एक अक्षर त्यांना दाबल्यासारखं वाटत होतं.

"बाई, ह्ये बघा. बाकीची अक्षरं उभी हायत. ह्येच कामून बसल्यावानी दिसायलंय?"

श्रीदेवीनं पडद्यावर पाहिलं. जागेत बसवताना तिनं ते एकच अक्षर रुंदीत दाबलं होतं. फरक अगदी थोडा. तिनं ते सरळ केलं, पुन्हा कापलं आणि अनसाक्कांना विचारलं, "तुम्हाला हे दिसलं कसं?"

"बारा वर्सं अक्षरात रंग भरलाय बाई. दिसतंय."

त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत श्रीदेवी त्यांना शिकवू लागली. डबा पंधरा मिनिटांत संपवायचा आणि उरलेला वेळ संगणकापुढं. माउस त्यांच्या हातात पहिल्यांदा आला तेव्हा टेबलाच्या कडेपर्यंत गेला आणि खाली पडला. मी त्या वेळी तिथंच चहा पीत होतो, हसलो. त्या ओशाळल्या नाहीत. "हसा की. तुमीबी पयल्यांदा वेल्डिंग केल्यावर डोळे सुजवून बसला असाल," म्हणाल्या. खरंच तसं झालं होतं.

रेघा, गोल, अक्षरं, सगळं त्यांनी दोनेक महिन्यांत उचललं. इंग्रजी येत नव्हतं, पण कुठल्या चित्रावर दाबलं की काय होतं ते त्यांनी वहीत चित्रं काढून लिहून ठेवलं होतं. अडलं ते एकाच ठिकाणी. श्रीदेवी म्हणायची, "हा बोर्ड वीस फुटांचा आहे, आपण तो एकास दहा प्रमाणात काढतोय." आणि अनसाक्कांना ते पटायचं नाही. वीतभर पडद्यात वीस फूट कसे? पडद्यावर मोठं केलं की बोर्ड मोठा झाला का? लहान केलं की लहान झाला का? त्या विचारून विचारून दमल्या आणि श्रीदेवी सांगून सांगून.

तोपर्यंत लिंगाप्पा दुकानात पाऊल टाकत नव्हता. यंत्रानं काढलेली अक्षरं त्याला अक्षरंच वाटायची नाहीत. एका संध्याकाळी अनसाक्का घरी जाऊन चूल न पेटवताच बसून राहिल्या. त्यानं विचारलं, "काय झालंय?"

"एकास दहा म्हणजे काय ते डोक्यात शिरंना झालंय. उद्यापासून सोलायचंच करते. माझ्यानं न्हाई व्हायचं."

लिंगाप्पानं प्रतीक्षाची गणिताची वही ओढली आणि डाव्या हातानं पेन्सिल धरली. "गिरणीच्या भिंतीवर बैल काढला होता, आठवतंय का? पयले कागदावर चौकटी पाडल्या होत्या. येक चौकट म्हणजे भिंतीवरचा येक फूट. कागद जवळ धरला म्हणून बैल मोठा झाला का?"

"न्हाई."

"लांब धरला म्हणून बारका झाला का?"

"न्हाई."

"मग? चौकटी मोजायच्या. किती चौकटी त्येवढे फूट. तुझ्या त्या डब्यात चौकटी न्हाईत का?"

चौकटी होत्या. श्रीदेवीनं त्या बंद करून ठेवल्या होत्या, डोळ्यांना खुपतात म्हणून. दुसऱ्या दिवशी अनसाक्कांनी त्या चालू करून घेतल्या, एक चौकट म्हणजे एक फूट असं मोजमाप लावून घेतलं आणि दुपारपर्यंत वीस फुटांचा बोर्ड एकटीनं काढला. श्रीदेवी म्हणाली, "मी चार आठवडे सांगतेय ते एका रात्रीत कुणी शिकवलं?" अनसाक्का लाजल्या. मग श्रीदेवीच हट्टानं लिंगाप्पाला दुकानात घेऊन आली. त्यानं दारातून पडदा पाहिला, चौकटी पाहिल्या आणि पहिलं वाक्य बोलला ते असं, "त्या दोन अक्षरांच्या मधी जागा जास्त झालीय." श्रीदेवीनं जागा कमी केली. तो स्टूल ओढून बसला.

आता मी त्या चुकीकडं येतो.

२००३ साली एका डॉक्टरांचा नवा दवाखाना उघडणार होता. दर्शनी भागावर अॅक्रिलिकची मोठी अक्षरं लावायची होती. एकेक अक्षर सुटं, मागं बोल्ट. ती अक्षरं ज्या लोखंडी फ्रेमवर बसणार ती माझ्याकडं. श्रीदेवी बहिणीच्या लग्नासाठी सुट्टीवर गेली होती, म्हणून ड्रॉइंग अनसाक्कांनी केलं. पहिल्यांदाच पूर्ण एकटीनं. प्रिंट काढली आणि मला आणून दिली. "एकास दहा हाय. बोल्टाची भोकं कागदावरनं मोजून घ्या," म्हणाल्या.

मी टेप लावला. कागदावरचं माप दसपट केलं. फ्रेमची एकूण लांबी निघाली बारा फूट अडीच इंच. इथं मला थांबायला हवं होतं. सात वर्षं मी फ्रेम करत होतो. कुणी बोर्ड बारा फुटांचा करतं, तेराचा करतं. बारा फूट अडीच इंच कुणी करत नाही. हे मनात आलं होतं, खोटं कशाला सांगू? पण मला दुसरं काम उरकायचं होतं. शेजारच्या दारात जाऊन विचारायला दोन मिनिटं लागली असती. मी गेलो नाही.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही फ्रेम चढवली. पहिलं अक्षर बसलं. दुसरं थोडं रेटून बसवलं. तिसऱ्याचा बोल्ट भोकात जाईना. शेवटचं अक्षर नुसतं धरून पाहिलं तर नऊ-साडेनऊ इंचांचा फरक. अक्षरं थेट संगणकावरून कापलेली, ती सगळी बरोबर होती, फ्रेमच आखूड. खाली डॉक्टर उभे, त्यांचे वडील उभे, मंडपवाला उभा. कुणीतरी गुरुशांतप्पांना बोलावून आणलं. त्यांच्या मागोमाग अनसाक्का आणि लिंगाप्पा आले.

डॉक्टरांचे वडील कडक माणूस. "ही कुणाची चूक?" त्यांनी कन्नडमध्ये विचारलं.

मी शिडीवर होतो. अनसाक्का पुढं आल्या. "माझी. ड्रॉइंग मी केलंय. ह्या वेल्डरनं कागदावर हाय तसंच केलंय."

नेमकं काय चुकलंय हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं. तरी पुढं आल्या. आणि मी शिडीवरून गप्प बघत राहिलो. आजही हे सांगताना मला बरं वाटत नाही.

गुरुशांतप्पांनी आवाज चढवला नाही. "चूक कुणाची ते मागनं बघू. चूक काय हाय ते बघा अगोदर," म्हणाले. आम्ही दुकानात आलो. अनसाक्कांनी ड्रॉइंग उघडलं. पडद्यावर तेरा फूट. कागदावर टेप लावला तर तेरा येत नव्हते. गुरुशांतप्पांनी श्रीदेवीच्या बहिणीच्या घरी फोन लावला. हळदीच्या गडबडीतून ती फोनवर आली, सगळं ऐकलं आणि लगेच म्हणाली, "अनसाक्का, प्रिंट काढताना 'फिट टू पेज' वर खूण होती का? असेल तर कागदात मावावं म्हणून त्यानं सगळं थोडं लहान केलंय. ही माझी चूक आहे. मी तुम्हाला ते शिकवलंच नाही."

तीन माणसं गुंतलेली, त्यातल्या दोघींनी चूक स्वतःची म्हणून सांगितली. तेव्हा मला तोंड उघडावंच लागलं. "अप्पा, माप विचित्र आलंय हे मला कळलं होतं. मी विचारलं न्हाई."

गुरुशांतप्पांनी माझ्याकडं पाहिलं. "बरं. मग आता काय करतोस?"

"दुपारपर्यंत फ्रेम वाढवतो. भोकं नवी पाडतो."

"कर."

फ्रेम खाली उतरवली. मी टोकाला पाइपचा तुकडा जोडला. अनसाक्कांनी या वेळी कागदावर भरवसा ठेवला नाही. अक्षरं खऱ्या मापातच होती, ती त्यांनी दवाखान्याच्या अंगणात जमिनीवर ओळीनं मांडली. लिंगाप्पानं डाव्या हातानं निळीची दोरी धरली, दुसरं टोक त्यांनी धरलं आणि फ्रेमवर सरळ रेघ पाडली. एकेक बोल्टाची खूण त्या करत गेल्या, मी भोक पाडत गेलो. डॉक्टरांचे वडील खुर्ची टाकून हे सगळं बघत बसले होते. चार वाजता शेवटचं अक्षर बसलं. मग लिंगाप्पा रस्ता ओलांडून पार पलीकडं गेला, तिथून पाहिलं आणि हात वर केला. डॉक्टरांच्या वडिलांनी आम्हा सगळ्यांना आत बोलावून उपमा खायला घातला. उद्घाटनाचा प्रसाद दुसऱ्या दिवशी दुकानात आला तो अनसाक्कांच्या नावानं.

त्या रविवारी मी त्यांच्या खोलीवर माफी मागायला गेलो. अनसाक्का भाकरी करत होत्या. म्हणाल्या, "हरिओम, मी पुढं झाले ती काय तुमच्यासाठी न्हाई. कामून झाले सांगू का? मी मागं सरले असते तर ह्येनी परत घरात जाऊन बसले असते. माणूस आत्ता कुठं भाईर यायलंय." लिंगाप्पा शेजारीच बसून प्रतीक्षाला अक्षर वळवून दाखवत होता. त्यानं वर पाहिलं नाही. नंतर मला दोन भाकऱ्या खायला घातल्या. त्या घरी तेव्हापासून मी परका राहिलो नाही.

सोमवारी त्यांनी एक नवी गोष्ट सुरू केली. प्रत्येक ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात एक जाड रेघ. खाली कन्नडमध्ये आणि मराठीत ओळ: ही रेघ मोजा, चार इंच भरली तरच काम सुरू करा. श्रीदेवी परत आल्यावर म्हणाली, "मोठे इंजिनियर नकाशावर अशी पट्टी देतात, मला कॉलेजात शिकवली होती, पण मी कधी वापरली नाही." अनसाक्कांना कुणी शिकवली नव्हती. हळूहळू आमच्या बाजारातल्या दुसऱ्या दोन-तीन दुकानांनीही ती रेघ उचलली. कुणी विचारलं तर त्या म्हणायच्या, "घ्या की. रेघ काय माझ्या बापाची हाय का?"

पुढं फ्लेक्स आला. मोठं यंत्र, सकाळी सांगितलं की संध्याकाळी बोर्ड तयार. हातानं रंगवणारे कितीतरी पेंटर त्या दोन-तीन वर्षांत हैदराबादला आणि पुण्याला गेले, कुणी पहारेकरी झालं, कुणी बांधकामावर. लिंगाप्पाला त्यांची नावं तोंडपाठ होती. पण गुरुशांतप्पांनी त्याला मापाच्या कामावर ठेवलं. जागेवर जाऊन टेपनं मोजायचं, भिंत कुठं वाकडी आहे ते बघायचं, समोर झाड, खांब, तार काय आहे ते कागदावर काढायचं. माणसं बोर्ड किती लांबून वाचणार हे तो पावलं टाकून ठरवायचा. मग घरी किंवा दुकानात नवराबायकोचं भांडण. "अक्षर नऊ इंच कर." "नऊ इंच केल्यावर नाव मावंना." "मग नावाच्या खालचं बारीक काढून टाक, त्ये कोण वाचतंय?" गिऱ्हाईक समोर बसून ऐकायचं आणि शेवटी लिंगाप्पाचं मान्य करायचं.

२००८ मध्ये एका कॉलेजच्या नव्या इमारतीचं काम आलं. फाटकावरचं नाव, खोल्यांचे क्रमांक, वाटा दाखवणारे बाण, सगळे मिळून शंभराच्या वर बोर्ड. हैदराबादहून एक आर्किटेक्ट मॅडम आल्या होत्या. त्यांनी अनसाक्कांची ड्रॉइंग एकेक करून पाहिली. प्रत्येक कागदावर प्रमाण, जमिनीपासूनची उंची आणि कोपऱ्यात ती रेघ. मॅडमनी हिंदीत विचारलं, "आप कहाँ पढ़ी हैं?"

अनसाक्का म्हणाल्या, "कमलनगर. सातवीं पास."

मॅडमना वाटलं त्यांना प्रश्न कळला नाही. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर. गुरुशांतप्पा मध्ये पडले आणि समजावून सांगू लागले, तेव्हा अनसाक्कांनी त्यांना थांबवलं. "अप्पा, पुरं सांगा. नवऱ्यानं चौकटी शिकवल्या, श्रीदेवीबाईनी कोरल शिकवलं, आन् तुमी चूक केल्यावर हाकलून न्हाई लावलं. त्येवढंच माझं कॉलेज." गुरुशांतप्पांनी ते हिंदीत सांगितलं, मॅडमनी मान खाली घालून ऐकलं. कामाला मंजुरी त्याच दिवशी मिळाली.

श्रीदेवी २००६ मध्येच लग्न होऊन हैदराबादला गेली होती. तिथं तिला मोठ्या कंपनीत काम मिळालं. २०११ च्या दसऱ्याला ती लहान मुलीला घेऊन माहेरी आली आणि आयुधपूजेच्या दिवशी दुकानात डोकावली. यंत्रांना हार घातलेले, संगणकाला कुंकू लावलेलं. अनसाक्कांनी तिला आपल्या खुर्चीत बसवलं, नारळ आणि खण देऊन ओटी भरली आणि वाकून तिच्या पायांना हात लावला.

श्रीदेवी ताडकन उठली. "अनसाक्का, काय करायलाव? तुम्ही माझ्यापेक्षा मोठ्या!"

"वयानं हाय. शिकवलं कुणी?"

"मग मी पण वाकते. मला अक्षर कुणी दाखवलं? तिथं ऑफिसात सगळे विचारतात, तुझी नजर एवढी बारीक कशी? मी काय सांगू त्यांना?"

दोघी एकमेकींना वाकू देईनात. शेवटी गुरुशांतप्पा म्हणाले, दोघी मिळून यंत्राच्या पाया पडा आणि पेढे वाटा, माणसं खोळंबलीत. आम्ही सगळे हसलो. अनसाक्का डोळे पुसत पुसत पेढे वाटत होत्या. मला देताना एक जास्त ठेवला.

प्रतीक्षा आता इथल्याच कॉलेजात शिकते. लिंगाप्पाच्या बोटांत थोडी थोडी ताकद आली आहे, चहाचा कप तो उजव्या हातानं धरतो. गेल्या वर्षापासून माझी बायको अंजू अनसाक्कांच्या हाताखाली ड्रॉइंग शिकायला जाते. मी सांगितलं नव्हतं, तीच म्हणाली जाते म्हणून. पहिल्या दिवशी घरी आल्यावर मी विचारलं, काय शिकवलं? अंजू म्हणाली, "आज काही शिकवलं नाही. निस्तं बाजारात फिरवलं. प्रत्येक बोर्डापुढं उभं करून विचारलं, ह्यो कुठून वाचता येतो, सांग."